डायलिसिस चालू असताना पोलिसाची बदली झाली तर काय करायचं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात सांगतो. मिस्टर पोलीस हवालदार आहेत, वय ४६, किडनीचा त्रास जुना आणि गेले आठ महिने आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आत्ताच्या ठाण्यात तीन वर्षं दोन महिने झाले आणि मध्येच ऑगस्टमध्ये ऑर्डर निघाली, नवीन ठाणं घाटापलीकडे, डायलिसिस सेंटरपासून ९० किलोमीटर. अर्ज दिला त्यावर "प्रशासकीय कारणास्तव बदली करण्यात आली असल्याने विनंती मान्य करता येत नाही" एवढं एका ओळीचं उत्तर आलं. आता ते सिकमध्ये म्हणजे आजारपणाच्या रजेवर आहेत आणि तुम्ही विचारताय की एवढा मोठा आजार असताना बदली करता येते का, आणि हजर झाले नाहीत तर काय होईल.

मी एसपी ऑफिसच्या आस्थापना शाखेत ३१ वर्षं काढली, शेवटची सहा कार्यालय अधीक्षक म्हणून. आता मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, सरकारी नोकरांच्या नोकरीच्या केसेस चालवणाऱ्या एका वकिलांकडे कागद तपासायचं काम करतो. म्हणजे ज्या एका ओळीच्या उत्तराने तुम्हाला रडू आलं तशी उत्तरं मी स्वतः टाइप केलेली आहेत आणि ती का जातात ते मला माहीत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. आजार आहे म्हणून बदली होऊच शकत नाही असा नियम पोलिसांसाठी नाही. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना २७ फेब्रुवारी २०१७ च्या जीआरने विशेष संवर्ग मिळाला, त्यात कॅन्सर, डायलिसिस, किडनी ट्रान्सप्लांट, हार्ट सर्जरी अशी नावं घालून यादी आहे, त्यामुळे ते लोक त्या यादीवर बोट ठेवून बोलू शकतात. पोलिसांच्या कायद्यात अशी यादी नाही. सुप्रीम कोर्टानेही १९९१ च्या शिल्पी बोस केसपासून हेच धरलंय की बदली हा नोकरीचा भाग आहे, कायद्यातली सक्तीची तरतूद मोडली असेल किंवा आकसाने केली असेल तरच कोर्टाने हात घालावा. म्हणून "आजारी आहे हो साहेब" एवढ्यावर केस उभी राहत नाही. पण तुमच्या केसमध्ये दोन चांगल्या गोष्टी आहेत आणि तुमच्या अर्जात नेमक्या त्याच आलेल्या नाहीत.

पहिली गोष्ट मुदतीची. प्रकाश सिंह यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २००६ साली पोलिसांच्या बदल्या-नेमणुका मंडळामार्फत करा असं सांगितलं, त्यातून महाराष्ट्र पोलीस अधिनियमात २०१४ साली दुरुस्ती झाली आणि कलम २२न आलं. त्यात शिपायापासून वरच्या पोलीस अंमलदारांना एका नेमणुकीच्या ठिकाणी ५ वर्षं ही सर्वसाधारण मुदत दिली आहे. सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मे मध्ये होतात, त्याव्यतिरिक्तच्या सगळ्या मुदतपूर्व म्हणजे मिड टर्म. मिस्टरांची ५ वर्षं झालेली नाहीत आणि महिना ऑगस्टचा, म्हणजे ही दोन्ही अंगांनी मिड टर्म बदली आहे. अशी बदली करता येतच नाही असं नाही, पण कायद्याचे शब्द आहेत की अपवादात्मक प्रकरणी, लोकहितासाठी आणि प्रशासकीय निकडीमुळे, आणि ती सक्षम प्राधिकाऱ्याने करायची. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात असेल तर जिल्हास्तरीय पोलीस आस्थापना मंडळ, ज्याचे अध्यक्ष एसपी असतात. मंडळाची बैठक व्हायला हवी, इतिवृत्त हवं, त्यात या माणसाची बदली मुदतीआधी का, याचं कारण हवं. आता खरं सांगतो, मी असे कागद बघितलेत जिथे आधी ऑर्डर निघाली आणि मग चार दिवसांनी इतिवृत्तावर सह्या फिरल्या, आणि असेही बघितलेत की ३७ नावांच्या यादीसमोर एकच वाक्य "प्रशासकीय कारणास्तव" आणि खाली तीन सह्या. अशा ऑर्डरी मॅटमध्ये टिकवणं खात्याला जड जातं. म्हणून आजच माहिती अधिकारात त्या बैठकीचं इतिवृत्त आणि मिस्टरांच्या नावापुरती टिपणी मागा, ३० दिवसांत द्यायची असते. नाही दिली तरी अर्जाची पोच हातात राहते आणि पुढे वकिलाला ते सगळं रेकॉर्ड कोर्टासमोर मागवून घेता येतं.

दुसरी गोष्ट उपचाराची, आणि इथे तुमच्या अर्जातलं एक वाक्य मला फार खटकलं. तुम्ही लिहिलंय "माझे पती आजारपणामुळे कोणतीही ड्युटी करण्यास असमर्थ आहेत." ताई, हे वाक्य काढा. कळवळून लिहिलंत हे समजतं, पण त्याच २२न कलमात मुदतीआधी बदली करायची जी कारणं दिली आहेत, शिस्तभंगाची कारवाई, कोर्टात शिक्षा, भ्रष्टाचाराचे आरोप, कर्तव्यात कसूर, त्यांच्याच रांगेत एक कारण आहे, कर्तव्य पार पाडायला असमर्थ असणं. म्हणजे आजार तुम्हाला जसा वाचवू शकतो तसाच तुमच्या विरुद्धही वापरता येतो. तुम्हीच लेखी दिलंत की माणूस असमर्थ आहे, तर उद्या साहेब त्याच कागदावर मेडिकल बोर्डाकडे पाठवतील आणि गोष्ट बदलीवरून थेट नोकरीला लायक आहे का इथपर्यंत जाईल.

लिहायचं असं की मी काम करतोय, करू शकतो, फक्त अमुक उपचारामुळे अमुक ठिकाणापासून अमुक अंतराच्या आत राहणं गरजेचं आहे. आजाराचं नाव कमी आणि उपचाराचं वेळापत्रक जास्त. बदल्यांच्या सीझनला मंडळासमोर विनंती अर्जांचा गठ्ठा पडतो आणि त्यात "गंभीर आजार" हे शब्द इतक्यांदा येतात की वाचणाऱ्याच्या डोळ्याला ते दिसायचेच बंद होतात, बीपी शुगरवालाही गंभीर आणि केमो चालू असलेलाही गंभीर. पण "सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी ७ ते ११ डायलिसिस, मशीनचा स्लॉट ठरलेला, नवीन ठाण्याच्या तालुक्यात डायलिसिसची सोय नाही, येण्याजाण्याला १८० किलोमीटर आणि घाट, डायलिसिसनंतर बीपी खाली जातो म्हणून स्वतः गाडी चालवायला डॉक्टरांची मनाई" असं लिहिलं की समोरच्याला हिशेब करावाच लागतो, की हा माणूस तिथे पाठवला तर आठवड्यातले तीन दिवस तो ठाण्यात असणारच नाही, मग त्या ठाण्याचा तरी काय फायदा. साहेब लोक दयेपेक्षा मनुष्यबळाच्या हिशेबाने लवकर वळतात, आणि यात त्यांचं काही चुकतं असंही मला वाटत नाही, कारण एका माणसाची रात्रपाळी कमी झाली की ती दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर जाते आणि तो दुसराही दोन दोन दिवस घरी गेलेला नसतो.

एक प्रसंग सांगतो. २०१० च्या आसपासची गोष्ट, एक हवालदार ऑर्डरली रूमला, म्हणजे साहेब कर्मचाऱ्यांचं म्हणणं ऐकतात तिथे, उभा होता, हातात औषधाच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी आणि त्यात दोन वर्षांचे रिपोर्ट कोंबलेले. साहेब नवीन, चांगले पण घाईत, म्हणाले सगळेच आजारी आहेत, मी ठाणी कशी चालवू. हवालदार काही बोलला नाही, त्याने डाव्या हाताची बाही वर केली. मनगटाच्या वर फिस्टुला होता, डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडतात ना ते, तिथे शीर दोरखंडासारखी फुगलेली आणि सुयांचे काळे डाग. म्हणाला, सर हात लावून बघा. साहेबांनी दोन बोटं ठेवली आणि हात तसाच राहिला, कारण फिस्टुलाच्या आत रक्त असं वाहतं की मांजर गुरगुरल्यासारखं बोटांना कळतं. मग त्याने सांगितलं की या हाताचा बीपीसुद्धा घेत नाहीत, बंदोबस्तात या हातावर एक काठी बसली किंवा दोरी ओढताना हिसका बसला तर ही शीर बंद पडेल, आणि मग मानेत नळी घालून डायलिसिस. साहेबांनी त्याला तिथल्या तिथे नियंत्रण कक्षात दिलं आणि मला टिपणी लिहायला सांगितली. मी त्या टिपणीत पहिल्यांदा लिहिलं की डावा हात संरक्षित ठेवणे आवश्यक. त्या दिवसापर्यंत मी अशा अर्जांवर फक्त "वैद्यकीय कारण" लिहीत होतो आणि किती जणांचे हात माझ्या त्या दोन शब्दांखाली झाकले गेले असतील याचा विचार अजून येतो.

म्हणून प्रत्येक आजाराची मागणी वेगळी असते हे लक्षात घ्या. डायलिसिसवाल्याचा प्रश्न अंतराचा आणि वेळेचा. किडनी ट्रान्सप्लांट झालेल्याचा प्रश्न गर्दीचा, कारण प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या गोळ्या कायमच्या चालू, त्याला ठाणं बदलून मिळण्यापेक्षा यात्रा-मोर्चाच्या बंदोबस्तातून सूट जास्त मोलाची. फिट येणाऱ्याला रात्रपाळी आणि ड्रायव्हिंग नको, आणि शस्त्राची ड्युटीही नको. कॅन्सरवाल्याला बऱ्याचदा कायमची जागा नको असते, केमोचे सहा महिने आणि पुढच्या तपासण्यांपुरती सोय हवी असते, मुंबईत परळच्या टाटाला दर ठरावीक दिवसांनी जावं लागत असेल तर तसं तारखांनिशी लिहायचं. जो मुदत घालून मागतो त्याला मंडळ लवकर हो म्हणतं. तुम्हीसुद्धा "बदली रद्द करावी" एवढंच लिहू नका, पर्याय द्या. सध्याचं ठाणं, ते नसेल तर डायलिसिस सेंटरच्या शहरातली दोन ठाणी, तेही नसेल तर मुख्यालय, नियंत्रण कक्ष किंवा समन्स-वॉरंट, मुद्देमाल, सीसीटीएनएस (गुन्ह्यांची कॉम्प्युटरवरची नोंद) असं बसून करायचं काम. आणि ड्युटीची वेळ दुपारची मागा, म्हणजे सकाळचा स्लॉट झाला की माणूस कामावर.

कागद कोणते, तर नेफ्रॉलॉजिस्टचं म्हणजे किडनीच्या डॉक्टरांचं ताजं प्रमाणपत्र ज्यात वार, तास आणि प्रवासाबद्दलचा सल्ला स्पष्ट असेल, डायलिसिस सेंटरचं मागच्या तीन महिन्यांचं रजिस्टरमधलं उतारापत्र, जिल्हा शल्यचिकित्सकांचं मत, आणि पोलीस कुटुंब आरोग्य योजनेतून बिलं गेली असतील तर त्यांच्या मंजुरीच्या प्रती. ही शेवटची गोष्ट लोक विसरतात. ज्या कार्यालयाने तुमची डायलिसिसची बिलं पास केली तेच कार्यालय आजाराची आम्हाला कल्पना नव्हती असं म्हणू शकत नाही. ऑर्डर निघायच्या आधीच्या तारखेचे कागद सोन्यासारखे असतात. ऑर्डरनंतरच्या तारखेचं सर्टिफिकेट कितीही खरं असलं तरी वाचणाऱ्याच्या मनात शंका येतेच, कारण बदली झाली की कंबर धरणारे आम्ही खूप पाहिलेत. खोट्या सर्टिफिकेटवाल्यांचा मला मनापासून राग येतो, खऱ्या आजाऱ्याच्या अर्जाकडे जी शंकेची नजर जाते ती यांनीच तयार केलेली आहे. कुणाची पोस्टिंग अजून बदललेली नाही पण उपचार चालू आहेत अशा सगळ्यांनी आजच घटक प्रमुखांच्या (जिल्ह्यात एसपी) नावाने साधा माहितीपर अर्ज देऊन टपालाचा आवक क्रमांक घेऊन ठेवा.

आता दिव्यांग कायद्याचं. तुम्हाला कुणीतरी सांगितलंय की २०१६ च्या कायद्यात डायलिसिस येतं. तसं नाही, अनुसूचीत २१ प्रकार आहेत, त्यात पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, आपल्या विदर्भात बऱ्याच घरांत असलेला सिकलसेल हे आहेत, पण किडनी फेल्युअर किंवा कॅन्सर त्या नावाने नाहीत. शुगरमुळे नजर गेली असेल किंवा कॅन्सरच्या ऑपरेशनने पाय गेला असेल तर त्या अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र, काढता येतं आणि मग कलम २० लागू होतं, ते फार ताकदीचं आहे. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढून टाकता येत नाही, पद खाली आणता येत नाही, त्या पदाचं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं पद द्यायचं, तेही नसेल तर जादा पद तयार करून त्यावर ठेवायचं. याआधीच्या १९९५ च्या कायद्यातही अशीच तरतूद होती आणि २००३ साली सुप्रीम कोर्टाने कुणाल सिंह या एसएसबी या केंद्रीय दलाच्या जवानाच्या बाबतीत तीच लावली, पाय कापावा लागला म्हणून त्याला घरी पाठवलं होतं. मिस्टरांची नजर तपासून घ्या असं मी म्हणेन, कार्ड मिळावं म्हणून नाही, शुगर असेल तर ती तपासणी तशीही व्हायलाच हवी.

आता सगळ्यात काळजीचा भाग, सिकमध्ये बसण्याचा. माझा अनुभव असा की चांगल्या केसेस इथेच बिघडतात. ऑर्डर आली, कार्यमुक्त केलं, माणूस सिक रिपोर्ट देऊन घरी, महिना जातो, दोन जातात, मग गैरहजेरीची नोटीस, पगार बंद, विभागीय चौकशी, आणि बदलीची केस बाजूलाच राहते. गुजरात इलेक्ट्रिसिटी बोर्डाच्या १९८९ च्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्वच्छ सांगितलंय की अडचण असेल तर निवेदन द्या, पण ऑर्डरला स्थगिती नसेल तर हजर व्हावंच लागतं, निवेदन पेंडिंग आहे म्हणून घरी बसता येत नाही. त्यामुळे खरंच तब्येत बरी नसेल तर सिक जरूर, पण प्रत्येक वाढीव रजेचं सर्टिफिकेट वेळेत, पोच घेऊन, आणि दुसरं मत घ्यायला शल्यचिकित्सकांकडे पाठवलं तर टाळू नका, तुमचा आजार खरा आहे, ती तपासणी तुमच्याच बाजूची आहे. आणि स्थगिती मिळाली नाही तर डायलिसिस नसलेल्या दिवशी जाऊन "दाद मागण्याचा हक्क राखून हजर होत आहे" असं लेखी देऊन हजर व्हायचं. हजर झालं म्हणजे बदली मान्य केली असा अर्थ होत नाही. त्याच दिवशी नवीन ठाण्याच्या प्रभारींना उपचाराचे वार लेखी कळवायचे.

आता मॅटचं. ते मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला बसतं, तुमच्या जिल्ह्याप्रमाणे जायचं. मूळ अर्ज करायचा आणि सोबत अंतरिम स्थगिती मागायची. कायद्याने एक वर्षाची मुदत आहे पण बदलीत एक वर्ष म्हणजे काहीच नाही, दुसरा माणूस तुमच्या जागी येऊन बसला, त्याने पोरांची शाळा बदलली, की कोर्टही विचार करतं की आता याला कुठे हलवू. कार्यमुक्त व्हायच्या आधी गेलेली माणसं फार फायद्यात राहतात. तुमची ऑर्डर होऊन पाच आठवडे झालेत म्हणजे उशीर झालाय पण वेळ गेलेली नाही. तिथे मुद्दे या क्रमाने मांडायला सांगा, आधी ५ वर्षांची मुदत आणि मंडळाचं इतिवृत्त, मग निवेदनाला कारण न देता आलेलं एका ओळीचं उत्तर, आणि आजार त्यानंतर. आजार पहिला ठेवला की समोरचे सरकारी वकील उठून म्हणतात ही दयेची विनंती आहे, प्रशासनाने बघावी. मुदतीचा मुद्दा पहिला ठेवला की त्यांना कागद दाखवावे लागतात. काही वेळा न्यायाधिकरण ऑर्डर रद्द करत नाही पण निवेदनावर ठरावीक आठवड्यांत कारणांसह निर्णय घ्या असं सांगतं, त्याने नाराज होऊ नका, कारण लिहावं लागलं की ऑफिसची भाषा बदलते हे मी आत बसून पाहिलंय. मॅटने नाही म्हटलं तर हायकोर्टाचं खंडपीठ आहे.

आमदारांचं पत्र जोडू का असं तुम्ही विचारलंय. नका जोडू. वर्तणूक नियमात बाहेरचा दबाव आणणं हाच गैरवर्तनाचा विषय आहे आणि मी अशी पत्रं फाइलला लागून नंतर सीआरमध्ये (गोपनीय अहवालात) उतरलेली पाहिली आहेत. मिस्टरांचे साहेब भेटत असतील तर समक्ष भेटा, तुम्ही स्वतः गेलात तरी चालेल, दोन पानांचा अर्ज आणि वेळापत्रक वर, रिपोर्ट खाली.

ज्यांचे प्रश्न पीएसआय, एपीआय, पीआय म्हणजे उपनिरीक्षक ते निरीक्षक लोकांचे आहेत त्यांनी एवढं लक्षात ठेवा की त्यांची मुदत वेगळी आहे, ठाण्यात किंवा शाखेत २ वर्षं, जिल्ह्यात ४, परिक्षेत्रात ८, त्यामुळे ५ वर्षांचा मुद्दा त्यांना लागू नाही. निवडणुकीच्या आधी स्वतःच्या जिल्ह्यातले आणि गेल्या चारपैकी तीन वर्षं त्याच जिल्ह्यात काढलेले अधिकारी हलवले जातात, तिथे अडवण्यापेक्षा उपचाराची सोय असलेला जिल्हा वेळेत मागणं जास्त जमतं. आणि गडचिरोलीला ऑर्डर झाली असेल तर मोघम "हार्ट पेशंट" लिहू नका, एटापल्ली-भामरागडकडच्या पोस्टवरून कॅथलॅब (अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीची सोय) किती तासांवर आहे ते लिहा.

ताई, तुम्ही मला दोन तारखा कळवा, ऑर्डर हातात कधी पडली आणि कार्यमुक्त कधी केलं, त्या दोन तारखांवर पुढचं ठरेल. अर्ज नव्याने लिहून घ्या, असमर्थवालं वाक्य काढून. आणि सोमवारी स्लॉट आहे ना त्यांचा, तर अर्ज द्यायला त्यांना पाठवू नका, त्यांच्या सहीचा अर्ज तुम्ही घेऊन जा, टपाल विभाग उघडल्या उघडल्या द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.